निफाडची पहाट

जानेवारी २०१९ च्या अखेरीस शिकागोजवळ राहणाऱ्या आमच्या चिरंजीवांचा फोन आला. तिकडे आधी बर्फ पडला होता आणि पाठोपाठ ध्रुवप्रदेशाकडून थंडीची लाट आली होती. ३० जानेवारीला शिकागोचे तापमान शून्याखाली सुमारे एकतीस अंशांपर्यंत उतरले. घरासमोरची पायवाट ज्याची त्याने मोकळी करायची, असा तिथला रिवाज. बर्फ भुसभुशीत आहे तोवरच तो फावड्याने उचलला जातो. पायांखाली दबून रात्रीतून गोठला की त्याचा दगड होतो आणि त्यावरून पाय घसरून माणसे जायबंदी होतात. वाटेवर मीठ टाकतात, पण थंडी अशी पराकोटीला गेली की मीठही निरुपयोगी ठरते. चिरंजीवांनी आपली वाट मोकळी केली, मग शेजारच्या वृद्ध बाईंचीही केली. हे ऐकून त्याच्या आईला बरे वाटले.

"नाशिकला थंडी काय म्हणते, बाबा?" त्याने विचारले.

"गेल्या महिन्यात निफाडला पारा १.८ अंशांवर आला होता."

तो हसला. त्यात त्याची चूक नव्हती. एकतीस अंशांची थंडी सोसणाऱ्याला १.८ हा आकडा वसंत ऋतूचा वाटावा, हे साहजिकच. पण तो आकडा मला ज्या अर्थाने कळतो, तो अर्थ फोनवर सांगता येण्याजोगा नव्हता. म्हणून हा लेख.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. मार्गशीर्ष-पौषात आकाश निरभ्र असते, हवा कोरडी होते आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब झपाट्याने सोडते. त्यात उत्तरेकडून वारे आले की पारा घसरतो. शहराची नोंदलेली सर्वांत कडक थंडी ७ जानेवारी १९४५ ची, ०.६ अंशांची. निफाड त्याहून हळवे. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी सखल भागाकडे वाहत जाते आणि गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात साचून राहते. या दोन नद्यांच्या संगमावरच्या नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर परदेशी पाहुणे पक्षी उतरतात ते याच दिवसांत. वर्तमानपत्रांत निफाडचे जे तापमान छापून येते, ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजलेले असते. गव्हाला ही थंडी हवीच असते. ती जितकी टिकेल तितका गव्हाला फुटवा चांगला आणि दाणा भरदार. द्राक्षाचे मात्र नेमके उलट.

बालपणीच्या थंडीची आठवण निघाली की मला प्रथम नवकारशी आठवते. पौषात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यापुढे अठ्ठेचाळीस मिनिटे. म्हणजे चहाचा पहिला घोट आठच्या सुमारास. तोवर आम्ही भावंडे रजईत बसून घड्याळाकडे पाहत असू. संध्याकाळी सहाच्या आत चोविहार, त्यामुळे रात्री गरम दुधाचा प्रश्नच नसे. वडिलांचे धान्याचे दुकान होते. दुकानासमोर हमाल भल्या पहाटे शेकोटी पेटवीत आणि आम्हा मुलांना तिचे विलक्षण आकर्षण असे. आई मात्र जाऊ देत नसे. अग्नीत तेउकायाचे जीव असतात, शिवाय पतंग-किडे येऊन पडतात. केवळ आपल्या सुखासाठी आग पेटवू नये, असे ती सांगे. घरातली चूल आणि दारातली शेकोटी यांत तिच्या लेखी मोठे अंतर होते. आम्ही खिडकीतून तो उजेड पाहत असू. हमालांना आईने कधी मना केले नाही. उलट जुन्या घोंगड्या काढून देई.

पुढे बँकेच्या नोकरीत, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, निफाड तालुक्यातल्या एका गावच्या शाखेत माझी बदली झाली. कर्जदारांत द्राक्ष बागायतदार पुष्कळ होते. त्यांपैकी एकांना सारे गाव अण्णा म्हणत असे. ऑक्टोबरात फळछाटणी झाली, बाग चांगली फुटली, घड लागले, मण्यांत पाणी उतरू लागले. आणि जानेवारीत थंडीची लाट आली. चौथ्या दिवशी अण्णा शाखेत आले आणि उभ्यानेच म्हणाले, "साहेब, बाग गेली. कर्जाचे काहीतरी बघा."

मी दुसऱ्याच दिवशी पाहणीला गेलो. सकाळचे अकरा वाजले होते, स्वच्छ ऊन पडले होते. वेली हिरव्यागार, मांडव शाबूत, घड लटकलेले. मी नियमाप्रमाणे टिपण लिहिले: 'वेली सुस्थितीत, पीक समाधानकारक.' अण्णांनी टिपण वाचले नाही, माझा चेहरा वाचला. ते इतकेच म्हणाले, "साहेब, अकराला सगळ्यांचीच बाग चांगली दिसते. एकदा पहाटे चारला या."

खरे तर मी गेलो नसतो. पण त्या रात्री खोलीवर पांघरुणातही माझे पाय गरम होईनात आणि मला झोप लागेना. साडेतीनला स्कूटर काढली.

बाग दुरूनच दिसली. ओळीओळीने शेकोट्या पेटल्या होत्या. छाटणीच्या काड्या, पालापाचोळा, ओला भुसा. जाळापेक्षा धुराला महत्त्व, कारण धुराचे पांघरूण जमिनीची ऊब धरून ठेवते. अण्णा, त्यांच्या पत्नी आणि दोन मुले एका ढिगाकडून दुसऱ्याकडे धावत होती. विहिरीवरची मोटार चालू होती. विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार, ते मुळांशी सोडले की वेलीला थोडा आधार मिळतो. अण्णांनी बॅटरीच्या उजेडात एक घड माझ्यापुढे धरला. मण्यांना केसासारखे बारीक तडे गेले होते. चार दिवसांत हे तडे कुजतात, आणि तडकलेला मणी कोणताही व्यापारी उचलत नाही. सकाळी अकरा वाजता, हाताच्या अंतरावरून, मला त्यांतला एकही दिसला नव्हता.

उजाडू लागले तेव्हा बागेच्या कडेच्या रस्त्याने तीन साध्वीजी येताना दिसल्या. मुखवस्त्रिका, अनवाणी पाय, अंगावर पांढरी चादर. नाशिकच्या दिशेने विहार चालला होता. मी पुढे होऊन वंदन केले. अण्णा काही जैन नव्हेत, पण तेही हात जोडून पुढे आले आणि म्हणाले, "महाराज, फार गारठा आहे. दोन मिनिटे शेकून घ्या." ज्येष्ठ साध्वीजी थांबल्या. "भाई, तुमची भावना पोहोचली. आम्हाला ते कल्पत नाही."

आचारांगसूत्रात असा प्रसंग आहे. थंडीने कापणाऱ्या भिक्षूला गृहस्थ विचारपूस करतो आणि भिक्षू सांगतो की शीत सहन होत नाही, तरी अग्नी पेटवणे वा त्यावर शेकणे मला उचित नाही. बावीस परीषहांत शीत हा तिसरा. हे सारे मी प्रवचनांत ऐकले होते. समोर पाहिले ते त्या दिवशी. त्यांची बोटे निळसर पडली होती.

अण्णांनी मग विचारले ते मला आजही ऐकू येते. "आणि आम्ही ही एवढी आग लावतो, त्याचे काय महाराज? किडे मरतात, मला दिसतात."

साध्वीजींनी आगीचे समर्थन केले नाही आणि अण्णांना दोषही दिला नाही. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग त्यांनी मांगलिक ऐकवले. अण्णांच्या पत्नी हातातली काडी खाली टाकून ऐकत उभ्या राहिल्या. मला त्या वेळी आईची घोंगडी आठवली.

शाखेत येऊन मी पहिले टिपण फाडले आणि नवे लिहिले. पण लिहून तरी काय? पीककर्जाचे मुदत कर्जात रूपांतर करायचे तर गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत असावी लागे. त्या वर्षी गावात गहू जोमदार होता. ज्या थंडीने अण्णांचा घास काढून नेला, तिनेच पलीकडच्या शेतकऱ्याचे कोठार भरले होते, त्यामुळे गावाची पैसेवारी उत्तम. अतिवृष्टी, गारपीट, दुष्काळ यांना आमच्या छापील नमुन्यात रकाने होते. थंडीला नव्हता. मी 'इतर' या रकान्यात पानभर मजकूर लिहिला. मुदतवाढ मिळाली, व्याज मात्र चालूच राहिले. अण्णांनी घरातले सोने मोडून दोन वर्षांत खाते पूर्ण केले. माझे पहिले टिपण वरिष्ठांकडे गेले नव्हते, एवढेच काय ते समाधान. ते गेले असते तर मुदतवाढही मिळाली नसती.

थंडीची लाट आणि हिमदव यांचा समावेश केंद्र सरकारने नैसर्गिक आपत्तींच्या यादीत केला तो २०१२ साली. आता हवामानावर आधारित फळपीक विमाही आहे. आपल्या समाजातली अनेक घरे द्राक्ष, बेदाणा, कांदा आणि धान्याच्या व्यापारात आहेत. मार्केटात माल नाकारताना व्यापाऱ्याला तडकलेला मणीच दिसतो, त्याचे काही चुकते असेही नाही. पण त्या मण्यामागची रात्र मार्केटात येत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये पारा १.८ वर आला, त्या आठवड्यात मी आपण होऊन अण्णांच्या घरी फोन केला. अण्णा आता थकले आहेत. बाग मुलगा पाहतो. "या ना काका, पण चारला या," तो म्हणाला. निवृत्त माणसाला दुसरे काम काय! पहाटे पोहोचलो. मोटार चालू होती, शेकोट्या पेटल्या होत्या. अण्णा घोंगडी लपेटून खाटेवर बसून सूचना देत होते. बांधाच्या गवतावरचे दव गोठून पांढरे झाले होते. अण्णांच्या नातवाने ते नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवले. मी त्याचे छायाचित्र काढून शिकागोला पाठवले होते.

आमच्या फोनवरच्या बोलण्यात ते छायाचित्र निघालेच. चिरंजीव म्हणाला, "बाबा, याला फावडे लागत नाही." मग जरा थांबून त्याने विचारले, "बाग वाचली का त्यांची?"

निम्मी वाचली होती.