पेमेंट आले की गेले?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. शाब्दिक उदाहरणांत मुले काय करतात हे मास्तर मंडळींना सांगायला नको. 'ज्यादा' शब्द दिसला की बेरीज, 'बाकी' दिसला की वजाबाकी. 'अन्वरकडे 12 गोळ्या आहेत, त्या सलमापेक्षा 5 ज्यादा आहेत, तर सलमाकडे किती?' उत्तर येते 17. मूल मठ्ठ नसते. त्याने शब्द पकडला आणि अर्थ सोडला, एवढेच.

हाच प्रकार गेल्या वर्षी भिवंडीत एका यंत्राच्या हातून घडला. आमचा धाकटा भाऊ यंत्रमागवाल्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. त्याच्या एका शेठने हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एआय एजंट जोडून घेतला. एजंट म्हणजे तोंडी सांगितलेले काम स्वतःच करून टाकणारा कारकून समजा. शेठ म्हणाले, "पार्टी का पेमेंट आया है, चालीस हजार, लिख दो." एजंटने 'पेमेंट' नावाचे टूल उचलले आणि नोंद करून टाकली.

आता बाजारात पेमेंट येतेही आणि जातेही. हिशेबाच्या वहीत मात्र पेमेंट म्हणजे पैसे गेले. आले तर ती रिसीट. टॅलीवर बसणाऱ्यांना एफ 5 आणि एफ 6 मधला हा फर्क पाठ असतो. पार्टीकडून येणे होते 1,20,000. ते 80,000 उरायला हवे होते, वहीत झाले 1,60,000. पुढे तगादा गेला. ती पार्टी म्हणजे एक बुजुर्ग गृहस्थ. ते भांडले नाहीत. बँकेचा कागद गादीवर ठेवून गप्प बसून राहिले. भावाला तेच जास्त लागले.

त्याने टूलांचा सारा मजकूर घरी आणून आमच्यापुढे ठेवला. मॉडेलला सॉफ्टवेअरच्या आतले काही दिसत नाही. दिसते ते टूलचे नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. ओपनएआयने जून 2023 मध्ये ही सोय प्रोग्रामरांना दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी नावाची खुली पद्धत जाहीर केली, तेव्हापासून निरनिराळी सॉफ्टवेअरे आपली टूले एकाच धाटणीने मांडू शकतात. इथे वर्णनात काय होते? 'पेमेंटची नोंद करते.' बस. लिहिणाऱ्याला सारे ठाऊक होते, म्हणून त्याने काहीच लिहिले नव्हते.

आम्ही ते असे केले: 'आपल्याकडून पैसे बाहेर गेले असतील तरच हे वापरावे. ग्राहकाकडून आले असतील, तर बोलणारा पेमेंट म्हणाला तरी रिसीटचे टूल घ्यावे. दुकानाची रोकड बँकेत भरली असेल तर कॉन्ट्राचे. कोणी कोणाला दिले हे कळत नसेल तर नोंद करू नये, विचारावे.' टूल कधी वापरू नये, हे सांगणारी ओळ आम्हाला सर्वांत मोलाची वाटते.

तारखेने खूप वेळ खाल्ला. मराठीत काल वेगळा, उद्या वेगळा. आमच्या घरच्या बोलीत दोन्ही 'कल'. त्यात 3/4 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? म्हणून वर्ष, महिना, दिवस या क्रमानेच तारीख मागितली. रक्कम रुपयांत की पैशांत, तेही लिहिले. 'अडीच हजार' ऐकले तर 2500 भरावे असे उदाहरण दिले. एकाच नावाच्या दोन पार्ट्या असतात, तेव्हा आधी खाते शोधून त्याचा क्रमांक घ्यावा. जोडणी मध्येच तुटली तर तीच नोंद पुन्हा करण्याआधी ती झाली आहे का, हे संदर्भ क्रमांकावरून पाहावे.

एका गोष्टीवर त्या तरुण प्रोग्रामरशी आमचे जुंपले. त्याला वर्णनात 'जुन्या नोंदी खोडू नयेत' असे लिहायचे होते. अहो, वर्णन म्हणजे कुलूप नव्हे! नोंद खोडण्याचे टूल एजंटच्या हाती द्यायचेच कशाला? दुरुस्ती हवी तर उलट नोंद करावी. कंपन्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरणे सक्तीचे आहे. शेवटी त्याने ते टूल काढून टाकले.

मग शेठच्या गादीवर बोलली जाणारी 25 वाक्ये जशीच्या तशी लिहून एजंटला दिली. "उनका मिटा दो" यावर त्याने विचारले, पैसे तुम्ही दिले की त्यांनी? शेठ चिडले, "इतना भी नहीं समझता?" आम्ही मात्र खूश झालो. 'उधार दिया' अजून अडते आहे: माल उधारीवर दिला की रोख रक्कम? बाजारात हा शब्द किती तऱ्हांनी बोलला जातो, ते भाऊ सध्या टिपून ठेवतो आहे.