ऊन पडलंय, तरी पूर!

पुण्याहून निघताना रेनकोट, जादा सॉक्स, मोबाईलसाठी प्लॅस्टिकची पिशवी, सगळं पॅक केलं होतं. पंढरपुरात उतरले तर लख्ख ऊन! म्हटलं, सुटलो. पण महाद्वार घाटावर पायऱ्या निम्म्याच उरलेल्या, पुंडलिकाचं देऊळ पाण्यात, आणि जुना दगडी पूल चक्क गायब.

"पाऊस कुठाय, मावशी?" बुक्का विकणाऱ्या बाईंना मी विचारलं.

"तुमच्याकडं पडतोय की. इथं नुसतं पाणी येतंय."

खरंच की! आमच्या मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीत जातं, धरण भरलं की खाली सोडतात. वर वीर धरणातून सुटलेलं नीरेचं पाणीही येऊन मिळतं. तेव्हा इथे येताना आभाळ बघू नका. उजनी आणि वीरमधून किती क्युसेक विसर्ग चाललाय ते बघा. आणि 'रिव्हर व्ह्यू'चा मोह सोडून लॉज गावात आत घ्या.

पाऊस इथलाच असला की मात्र वेगळीच भीती. १४ ऑक्टोबर २०२० ला कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जण गेले. भर पावसात भिंतीचा आडोसा मी आता घेत नाही.

बोलता बोलता मावशींनी टोपली उचलली, दोन पायऱ्या वर सरकल्या. मीही सरकले.