आभाळातली खाडाखोड

चाळिशी उलटल्यावर माणसाने काय काय शिकू नये याची एक यादी कोणीतरी करायला हवी. मी केली तर पोहणे, हार्मोनियम आणि फोटोंचे एडिटिंग ही तीन नावे पहिल्या फटक्यात लिहीन. पोहण्यात नाकातोंडात पाणी जाते, हार्मोनियमपायी शेजारी जातात. एडिटिंगमध्ये काय जाते, ते मला उशिरा कळले.

सुरुवात भंडारदऱ्याला झाली. पावसाळ्यात आमच्या शाखेची सहल तिकडे गेली होती. 1926 साली पुरे झालेले ते विल्सन धरण, त्याच्या पायथ्याशी फुटणारा अंब्रेला फॉल, ढगांत डोके खुपसून बसलेले डोंगर. मी तोंडाने ‘अहाहा’ म्हणत होतो आणि हाताने फोटो काढत होतो. घरी येऊन पाहतो तो सगळा निसर्ग टायफॉइडमधून उठल्यासारखा!

‘‘मामा, कॅमेऱ्याचा दोष नाही,’’ पुण्याचा भाचा म्हणाला. ‘‘डोळ्याला पांढरा ढग आणि काळी कपार दोन्ही एकदम दिसतात. कॅमेऱ्याला तेवढं झेपत नाही. ढग सांभाळला की दरी काळी, दरी सांभाळली की ढग पांढराफटक.’’ आणि त्याने माझ्या संगणकात एक प्रोग्रॅम घालून दिला. पट्ट्यांवर गोट्या सरकवायच्या, बस्स.

पहिल्या रात्री मी सॅच्युरेशन नावाची गोटी पार भिंतीला टेकवली. प्रवरामाई दौतीतल्या शाईसारखी निळी झाली, गवत पोपटाला लाजवील असे. सकाळी बँकेत नेऊन दाखवले. आमचे कॅशियर बराच वेळ पाहून म्हणाले, ‘‘स्वित्झर्लंडला कधी गेला होतात? रजेचा अर्ज काही दिसला नाही.’’

मग भाच्याने शिकवणी घेतली. सॅच्युरेशन म्हणजे सरसकट पगारवाढ. फिकट रंग असो की भडक, सगळ्यांना सारखी. व्हायब्रन्स म्हणजे ज्याचा पगार कमी त्याला वाढ जास्त. (असली वाढ मी फोटोतच पाहिली.) आभाळ फार काळवंडले की डोंगरमाथ्यावर पांढरी कड उमटते आणि डोंगर तसबिरीतल्या संतासारखा प्रभावळ घेऊन उभा राहतो. दूरचे डोंगर मधल्या हवेमुळे निळसर, धूसर दिसतात; ती धूसरता पुसली की दहा मैलांवरचा डोंगर नाकाला येऊन टेकतो. आणि आभाळ निळे केलेत तर खालच्या पाण्यालाही तसे कळवावे लागते. हे मात्र मला लगेच समजले, डेबिट तिथे क्रेडिट! सर्वांत मोलाचा मंत्र असा की गोटी आवडेल तिथवर न्यायची, मग निम्मी मागे आणायची आणि सरळ झोपायचे. सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहायचे.

‘‘पण ही लबाडीच की रे!’’ मी म्हटले. तेव्हा त्याने ॲन्सेल ॲडम्सचा दाखला दिला. या अमेरिकन छायाचित्रकाराने 1941 साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला आणि पुढे कित्येक वर्षे तो त्याच निगेटिव्हवरून नव्या प्रती काढताना आभाळ अधिकाधिक काळे करत गेला. एवढा मोठा माणूस करतो म्हटल्यावर माझी सदसद्विवेकबुद्धी जी झोपली ती आईच्या फोटोपर्यंत उठली नाही.

आमचे गाव पारनेर तालुक्यात. आमच्या नगर जिल्ह्याचे (2024 पासून अहिल्यानगर) एक बरे आहे. अकोले तालुक्यातल्या डोंगरांत पाऊस थांबायला तयार नसतो आणि पारनेरात यायला. गुडघ्यांमुळे आईचे गावी जाणे बंद झालेय. म्हणून मे महिन्यात जाऊन शेताचा फोटो काढून आणला. पिवळा माळ, कुसळे, एक बाभळ, विहीर आणि नेमका मधोमध विजेचा वाकडा खांब. म्हटले, आईला गाव जरा बरे करून द्यावे. माळ हिरवा केला. भंडारदऱ्याच्या फोटोतला एक ढग उचलून पारनेरवर आणून सोडला, जे आजवर कोणत्याही योजनेला जमले नव्हते. शेजारचा तुकडा उचलून डागावर चिकटवणारे एक हत्यार असते, त्याने खांब पुसून टाकला. मोठी प्रत काढली, फ्रेम केली.

आईने चष्मा लावून पाहिले. ‘‘छान आहे. कुठलं रे हे?’’

‘‘अगं, आपलं शेत!’’

‘‘वैशाखात एवढं हिरवं असतं तर यांनी गाव कशाला सोडलं असतं?’’ तिने काचेवर बोट टेकवले. ‘‘आणि इथला डांब कुठं गेला?’’

‘‘काढला. मध्ये येत होता.’’

आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘दोन वर्षं खेटे घातले होते यांनी त्या डांबासाठी. मोटार सुरू झाली त्या दिवशी धोतर भिजेस्तोवर पाटात उभे होते. हसत होते नुसते. तू पोटात होतास.’’

बी.कॉम.चे माझे फारसे काही लक्षात नाही. पण 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे 87 वे कलम मी वीस वर्षे गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. संमतीवाचून दस्तऐवजात महत्त्वाचा फेरफार केला तर संमती न देणाऱ्यापुरता तो रद्दबातल. गिऱ्हाइकाने चेकवर साधा आकडा गिरवला तरी मी चष्म्यावरून बघतो. ती फ्रेम मी मुकाट्याने उचलली. ‘‘अहो, पैसे गेले ना फ्रेमचे?’’ हिने आतून विचारले.

मूळ प्रत सुदैवाने शाबूत होती. तीन रात्री बसलो. पिवळे पिवळेच ठेवले. विहिरीच्या आतला काळोख तेवढा थोडा उजळला, पायऱ्या दिसण्यापुरता. आभाळ एक बोटभर उतरवले. उन्हाची पांढुरकी झाक राहू दिली. खांबाला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी आईने फोटो उजेडात धरला. विहीर पाहिली, बाभळ पाहिली, खांबाशी आली.

‘‘एवढा वाकडा नव्हता हा.’’

‘‘आता वाकलाय, आई.’’

‘‘मग सरळ कर की,’’ आई म्हणाली. ‘‘तेवढं येत असेल ना तुला?’’