प्रवासाची शेगडी

घरची शेगडी आणि प्रवासाची शेगडी या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. घरची शेगडी एकदा जागेवर बसली की बसली. तिचे वजन कोणी विचारीत नाही, ती किती वेळाने निवते याची चौकशी कोणी करीत नाही. स्वयंपाक आटोपला की ती कोपऱ्यात धुमसत राहते आणि उरल्यासुरल्या धगीवर रात्रीचे दूधही तापून निघते. प्रवासाच्या शेगडीला ही चैन नाही. तिला उचलावे लागते, मांडावे लागते, चेतवावे लागते आणि सगळे आटोपल्यावर विझवून पुन्हा गाडीत घालावे लागते. पहिल्या तीन गोष्टींचा विचार विकत घेणारा प्रत्येक माणूस करतो. चौथीचा फारसा कोणी करीत नाही. गेल्या हिवाळ्यात अशी एक शेगडी निवडण्याचा योग आम्हांस आला. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि हाताळले, त्याचे हे टिपण. राज्य शासनाच्या सेवेत टिपणे लिहिण्यातच जन्म गेला. ती सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

गरज निर्माण झाली ती सिमरोलमुळे. इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटर गेले की सिमरोल लागते. २००९ साली स्थापन झालेली आयआयटी आता तेथे वसल्यामुळे हे नाव दूरदूरच्या मुलांच्या तोंडी झाले आहे. आमच्या लहानपणी मात्र घाट उतरण्यापूर्वीचे गाव एवढीच त्याची ओळख होती. माळव्याचे पठार येथे संपत येते. पुढे भेरूघाट उतरून रस्ता चोरल नदीकडे आणि तेथून बडवाहमार्गे नर्मदेकडे जातो. सिमरोलच्या अंगाला आमच्या दादांची थोडी शेतजमीन आहे. पौषापासून फाल्गुनापर्यंत तीन-चार रविवार दोन्ही घरची माणसे तेथे जमतात. तीन दगड मांडावेत, गोवऱ्या रचाव्यात, बाफले भाजावेत, वांगी निखाऱ्यात खुपसावीत, हा वर्षानुवर्षांचा क्रम. परंतु वहिनींचे गुडघे, आमची कंबर आणि आमच्या सौ.चा उजवा खांदा ही तिन्ही कार्यालये अलीकडे नियमावर बोट ठेवून काम करू लागली आहेत. जमिनीवर उकिडवे बसून फुंकर घालणे कोणालाच झेपेना. तेव्हा टेबलावर ठेवता येईल, आणि मनात आले तर महेश्वरच्या किंवा मांडूच्या वाटेवरही बरोबर नेता येईल, अशी कोळशाची लहान शेगडी घ्यावी असे ठरले.

शेगडी हा विषय आमच्या पिढीला नवा नाही. माळव्यातल्या मराठी घरांत आई शेगडी म्हणे, शेजारीण सिगडी म्हणे आणि आम्ही मुले ज्या दारात उभे असू त्याप्रमाणे बोलत असू. दगडी कोळशाची शेगडी अंगणात पेटवून धूर निघून गेल्यावर आत आणीत. भुशाची शेगडी हा आणखी एक प्रकार होता. मधोमध बाटली किंवा दांडा उभा धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा आणि मग तो हलकेच काढून घ्यायचा. पण सर्वांत हुशार होती ती बादलीची शेगडी. बूड गेलेली जुनी बादली घ्यावी, खाली हवेला दार कापावे, मध्ये सळया बसवाव्यात आणि आतून माती, शेण व भुसकट यांचे जाड अस्तर द्यावे. बाहेर पत्रा, आत माती. पत्र्याने आकार सांभाळायचा आणि मातीने धग. गॅस आला तशी ती बादली माळ्यावर गेली आणि पुढे भंगारात निघाली.

बाजारात गेल्यावर या बादलीची आठवण पावलोपावली झाली. प्रथम दाखवली गेली ती पत्र्याची घडीची शेगडी. वजनाला हलकी, किमतीला हलकी, पण वारा सुटला की कोळसा भराभरा खाणारी. पातळ पत्रा आतली उष्णता बाहेर टाकून देतो आणि टेबलालाही डाग पाडतो. दुसरी बिडाची. ती धग चांगली धरते, परंतु सारे अंगच तापते. नातवंडे आसपास असताना तिच्यावर पहारा बसवावा लागेल. तिसरी कुंभाराकडची मातीची. ती स्वस्त आणि देखणी, पण गाडीच्या हादऱ्यांत तिचा भरवसा नाही. चौथी म्हणजे सिरॅमिकची, जाड भिंतीची, घट्ट झाकणाची आणि वरखाली हवेच्या झडपा असलेली. पुतण्याचा सारा ओढा हिच्याकडे होता.

या चौथीचे कुळ पाहू गेल्यास ते पूर्वेकडचे निघते. जपानात मातीच्या चुलीला कामाडो म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे राहिलेल्या अमेरिकी सैनिकांना त्या चुलीवरच्या अन्नाची गोडी लागली आणि परतताना ते ती बरोबर घेऊन गेले. १९७४ साली एड फिशर नावाच्या गृहस्थांनी अटलांटा शहरात अशा चुली विकण्याचे दुकान काढले. त्यातूनच आज जगभर दिसणारे हिरव्या अंड्याच्या आकाराचे सिरॅमिक भांडे पुढे आले. जपानातच शिचिरिन नावाची छोटी, उघडी शेगडीही आहे. नोतो द्वीपकल्पावरील सुझू गावी डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची माती सापडते. तिच्या कणाकणांत हवा कोंडलेली असल्यामुळे आत निखारे फुलले तरी बाहेरची बाजू फारशी तापत नाही. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात त्या सुझूचे मोठे नुकसान झाले. बातमी वाचताना आम्हांला त्या शेगड्यांची आठवण झाली. तिसरे उदाहरण केनियाचे. थायलंडमधील बादलीच्या आकाराची शेगडी पाहून तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी पत्र्याच्या आत भाजलेल्या मातीचे अस्तर बसवलेली जिको नावाची शेगडी तयार झाली. नुसत्या पत्र्याच्या शेगडीपेक्षा तिला कोळसा बराच कमी लागतो आणि गरिबांच्या घरी ती झपाट्याने पोहोचली. म्हणजे बाहेर पत्रा आणि आत माती, हे आमच्या अंगणातले शहाणपण बँकॉक आणि नैरोबीतही नांदत होते.

पुतण्याला अंडे हवे होते. ते आम्ही दुकानात उचलून पाहिले. त्या जातीतील अगदी लहान नमुन्याचे वजनही पंधरा किलोंच्या वर जाते. जमिनीवरून डिकीत, डिकीतून टेबलावर आणि पुन्हा उलट असा चार वेळा तो भार हलवायचा. पुतण्या म्हणाला, “काका, मी आहे ना!” त्यावर वहिनी म्हणाल्या, “तू पुण्यात असतोस रे बाळा, शेगडी येथे असणार.” प्रश्न निकालात निघाला. जी वस्तू आपल्याला एकट्याने किंवा फार तर दोघांनी उचलता येत नाही, ती प्रवासाची नव्हे, हा पहिला नियम वहिनींनी असा घालून दिला.

दुसरा नियम विझवण्याचा, आणि आमच्या मते तोच मुख्य. लाकडी कोळसा वरून राखाडी दिसू लागला तरी पोटात कित्येक तास जिवंत असतो. उघड्या शेगडीतले निखारे पाण्याने विझवावेत म्हटले तर तापलेली माती गार पाण्याच्या स्पर्शाने तडकते. ते मातीत ओतून यावेत तर भीती आणखी मोठी. सिमरोलच्या पुढचे जंगल सागाचे आहे. माघ सरला की पाने गळून जमिनीवर पापडासारखा थर साचतो आणि फाल्गुनातला वारा एक ठिणगी कोठवर नेईल हे सांगता येत नाही. निवृत्त अधिकाऱ्याला कलम सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सांगतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार, वनाधिकाऱ्याने अधिसूचित केलेला हंगाम सोडून आरक्षित वनात अग्नी पेटवणेच नव्हे, तर बाळगणे आणि नेणेही निषिद्ध आहे. या ‘नेणे’ शब्दापाशी आम्ही थबकलो. शतकापूर्वी तो मसुदा लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक होते की, संकट नेहमी पेटवताना येत नाही. पुष्कळदा ते आटोपून निघताना येते.

आणि समजा, वाटेत जंगल नाही. तरीही अर्धवट विझलेली शेगडी बंद गाडीत घालणे हा जिवाशी खेळ आहे. कोळसा अपुऱ्या हवेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला डोके जड वाटते, गुंगी येते आणि धोका कळण्याआधीच शुद्ध जाते. दर हिवाळ्यात उत्तरेकडे बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, या बातम्या आपण वाचतोच. आमची आई रसायनशास्त्र शिकलेली नव्हती. पण थंडीत शेगडी खोलीत आणली की खिडकीचे एक दार ती उघडे ठेवी आणि निजण्यापूर्वी शेगडी न चुकता अंगणात नेऊन ठेवी. आम्ही गारठ्याबद्दल कुरकुर केली की म्हणे, “थंडी वाजली तर पांघरूण आहे.” तंबूत, मोटारीत किंवा काचा लावलेल्या ओसरीत कोळसा पेटवू नये, ही आजची सूचना त्याच वाक्याची पुढची आवृत्ती आहे.

तेव्हा घट्ट झाकणाची शेगडी घ्यावी, हे नक्की झाले. झाकण आणि खालची झडप पूर्ण बंद झाली की हवा तुटते आणि निखारे आपोआप मालवतात. उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो, हा वरचा लाभ. झाकणाची पारख साधी आहे. काठावर कागदाची पट्टी ठेवावी, झाकण लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती चारी बाजूंनी अडली तर झाकण बरे. एखाद्या ठिकाणी सहज निसटली तर तेथून हवा शिरणार. भांडे तडकलेले नाही ना, हे पाहण्याची रीत आपल्याला माठामुळे ठाऊकच आहे. बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत नाद आला तर घ्यावे, बद्द आवाज आला तर ठेवून द्यावे. आतली जाळी सुटी निघते का, तिच्याखाली राख साचायला जागा आहे का, कड्या बाहेरच्या पत्र्याला पक्क्या जडल्या आहेत का, हेही पाहावे. आम्ही जाळीवर पाकिटातली फूटपट्टी ठेवली तेव्हा दुकानदार हसला. पण चार माणसांच्या वांग्यांना पंचवीस सेंटिमीटरची गोल जाळी पुरते, हा हिशेब सौ.ने घरून करून आणला होता.

शेवटी घेतली ती मधल्या वाटेची. आत सिरॅमिक, बाहेर पत्रा, वर सिरॅमिकचेच झाकण, वजन आठ किलो आणि दोन बाजूंना दोन कड्या. एक कडी आम्ही धरतो, दुसरी सौ. धरते. आणल्या दिवशी तिच्यात मूठभरच कोळसा पेटवून मातीतला ओलावा हळूहळू जाऊ दिला; नव्या मातीला एकदम मोठी आच सोसत नाही. नेताना तिच्यासाठी जुन्या गोधडीची बैठक असते. पोटात भर अर्धा किलो लोणारी कोळसा घातला की तासभर निवांत काम होते. वांगी सावकाश भाजून सालीखाली लोण्यासारखी होतात. भादव्यात कणसे, थंडीत रताळी आणि ओल्या हरभऱ्याचा हुळा, सारे तिला मानवते. बाफल्यांना मात्र ती उपयोगी नाही. त्यांना गोवऱ्यांची ऐसपैस राख हवी आणि ती जागा दादांनी शेतातल्या मोकळ्या, पाने झाडून काढलेल्या खळ्यावर राखून ठेवली आहे. एक दक्षता सर्वांना सांगून ठेवली आहे. बंद केलेले झाकण मध्येच एकदम उघडायचे नाही. कोंडलेल्या निखाऱ्यांना अचानक हवा मिळाली की ज्वाळा भसकन बाहेर येते. आधी बोटभर फट ठेवावी, क्षणभर थांबावे, मग उघडावे.

जेवणाआधीच झाकण लावून झडपा बंद करायच्या, हा आता नियम झाला आहे. निवायला तास-दीड तास लागतो आणि तेवढ्यात पंगत, पान-सुपारी आणि दादांचा एक डुलका होऊन जातो. प्रथम प्रथम मुलांना ही वाट पाहणे जड जाई. आता त्या वेळात दादा त्यांना जुन्या गोष्टी सांगतात. आपले पूर्वज अठराव्या शतकात होळकरांच्या लष्करामागून माळव्यात आले. वाटेवरच्या मुक्कामांत चूल म्हणजे तीन दगड. तळ हलला की दगड तेथेच राहत. त्यांना काही विझवून परत न्यावे लागत नसे, कारण परत जायचेच नव्हते. आपली गोष्ट वेगळी आहे. आपण संध्याकाळी घरी परततो, आणि ज्याच्या जंगलाच्या कडेला बसून जेवलो तो मात्र तेथेच राहतो. त्याच्या वाट्याला आपली आग ठेवून येण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून कोणी आमच्याकडे सल्ला मागितला तर आम्ही एवढेच सांगतो. दुकानदार शेगडी किती लवकर पेटते ते दाखवील. आपण ती किती नीट विझते ते विचारावे. आणि निघण्यापूर्वी तिच्या झाकणावर तळहात ठेवून पाहावे. आमच्याकडे हे काम सौ.चे आहे. तिने “चला” म्हटल्याखेरीज गाडीची किल्ली फिरत नाही.