कानाशी धरलेला फोन

'मोबाइलने मेंदूचा कॅन्सर होतो का हो?' हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवून गप्प करणे मला पटत नाही. जी वस्तू आपण रोज डोक्याला चिकटवून धरतो, तिच्याबद्दल शंका येणारच. उत्तर मात्र पुराव्यानिशी द्यायला हवे.

*

एक्स-रे आणि मोबाइल यांना एकाच पंगतीला बसवले जाते आणि तिथेच भीती सुरू होते. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. एक्स-रेच्या फोटॉनकडे ती भरपूर असते, म्हणून तो डीएनएला इजा करू शकतो. मोबाइलच्या २ गिगाहर्ट्झ लहरींच्या फोटॉनची ऊर्जा त्या १० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहा लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. अशा लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच: ऊतक किंचित तापते.

*

फोनवर *#०७# दाबून पाहा. पडद्यावर 'सार' नावाचा आकडा येतो, डोक्यासाठी वेगळा, शरीरासाठी वेगळा. ऊतक किती ऊर्जा शोषते, त्याचे हे माप. १ सप्टेंबर २०१२पासून भारतात त्याची मर्यादा १ ग्रॅम ऊतकामागे सरासरी १.६ वॅट प्रति किलो अशी आहे. पडद्यावरचा आकडा फोन पूर्ण जोर लावत असतानाचा असतो. रेंज चांगली असली की फोन आपली शक्ती पुष्कळ खाली आणतो.

*

मेंदूवर काहीच परिणाम होत नाही, असे ठोकून देणेही बरोबर नाही. अमेरिकेत संशोधक नोरा व्होल्कॉव यांनी ४७ जणांच्या दोन्ही कानांना फोन लावले. एका फोनवर आवाज बंद करून कॉल चालू ठेवला. ५० मिनिटांनंतर पेट स्कॅनमध्ये अँटेनाजवळच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. वाढ खरी होती, पण तिने अपाय होतो असे या प्रयोगातून निघत नाही. डोळ्यांपुढे चित्र आले तरी मेंदूच्या पाहण्याचे काम करणाऱ्या भागात ग्लुकोज जास्त खर्च होतेच.

*

त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना '२ब' गटात, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकले. त्यामागे इंटरफोन या १३ देशांतल्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. त्यात एकंदर धोका वाढलेला दिसला नाही. सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्क्यांत मात्र ग्लायोमा या मेंदूच्या गाठीचे प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त निघाले. पण किती बोललात, हे रुग्णांना वर्षांनंतर आठवून सांगायचे होते. आजारी माणूस कारण शोधत असतो; त्याची आठवण त्या बाजूला झुकते.

पुढे नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्याचा अमेरिकी प्रयोग २०१८मध्ये गाजला. त्यात उंदरांच्या सर्व शरीरावर दिवसाला नऊ तास, दोन वर्षे लहरींचा मारा केला होता. आणि तो सोसणारे नर इतरांपेक्षा जास्त जगले.

माणसांचा पुरावा आता बराच जमला आहे. ब्रिटनमधल्या पावणेआठ लाख स्त्रियांच्या अभ्यासात (२०२२) फोन वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या स्त्रियांत मेंदूच्या गाठींचे प्रमाण सारखेच निघाले. आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४च्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही.

*

सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या टॉवरवरून भांडणे होतात. आईबापांची काळजी मला कळते. पण टॉवरच्या लहरी मुख्यतः आडव्या, दूर जातात आणि अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात. डोक्याला जास्त ऊर्जा मिळते ती कानाशी धरलेल्या फोनकडून. टॉवर हटला आणि रेंज गेली, तर प्रत्येक फोन जास्त जोर लावू लागतो. मुलांच्या काळजीपोटी आपण त्यांच्याच कानाशी लहरी वाढवतो.

'रेडिएशन रोखणारे' स्टिकर विकले जातात. त्यांवर पैसे घालवू नका. अँटेना झाकली गेली, तर फोन शक्ती आणखी वाढवतो.

*

फोन मेंदूचा खरा घात करतो तो रस्त्यावर. १९९७ साली टोरांटोच्या संशोधकांनी दाखवले की, फोनवर बोलताना अपघाताचा धोका चौपट होतो. हँड्स-फ्री वापरूनही तो कमी झालेला दिसला नाही. हात मोकळे असले तरी लक्ष अडकलेलेच असते. दुसरा घात झोपेचा: उशाशी फोन घेऊन मध्यरात्रीपर्यंत जागणाऱ्या मुलाचे नुकसान समजायला कोणत्याही यंत्राची गरज नाही.

*

आजच्या पुराव्यावर माझे मत स्पष्ट आहे. फोनच्या लहरींनी मेंदूला कर्करोग होतो, असे मानायला आधार नाही. तरीही काळजी वाटत असेल, तर इअरफोन लावा आणि रेंज नसेल तिथे लांबलचक बोलू नका. एवढे पुरते. पण गाडी चालवताना फोन उचलू नका आणि रात्री तो मुलांच्या खोलीबाहेर ठेवा. या दोन गोष्टी आजपासून कराच.