रुहरच्या खोऱ्यातून

बोखुम, ८ ऑक्टोबर २०२४
नोकियाचा कारखाना जिथे होता तो भाग आज पाहिला. २००८ च्या जानेवारीत कंपनीने इथलं उत्पादन बंद करून रुमेनियात, क्लूजजवळच्या जुकूला न्यायचं जाहीर केलं. दोन हजारांवर लोकांचा रोजगार बुडाला. कारखान्याला सरकारी अनुदान मिळालेलं, त्यामुळे लोक फारच भडकले. पण जुकूचंही नशीब काही फळफळलं नाही. २०११ मध्ये तो कारखानाही बंद करायचं ठरलं, काम आशियाकडे गेलं. युरोपातच एका गावाच्या तोंडचा घास दुसऱ्या गावाला द्यायचा, याला विकास म्हणायला माझं मन घेत नाही.

बोखुम, ९ ऑक्टोबर
ओपेलच्या जागेवर गेले. आधी कोळशाची खाण, १९६२ पासून मोटारी, २०१४ अखेर टाळं. आता तिथे पार्सलचं मोठं केंद्र आहे, संशोधनाच्या इमारती आहेत. कोळशाला उतरती कळा लागल्यावर या भागाने विद्यापीठ मागून घेतलं, ते १९६५ मध्ये सुरू झालं. त्यातूनच पुढे संगणक-सुरक्षेतल्या कंपन्या निघाल्या. मात्र पन्नाशीतल्या जोडारीला त्या दारातून आत कोण घेणार? त्याची सोय वेगळी लावायला हवी होती.

डोर्टमुंड, ११ ऑक्टोबर
इथल्या होर्डे भागातला पोलाद कारखाना २००१ मध्ये बंद झाला. चिनी कामगारांनी येऊन तो सुटा केला आणि जहाजाने चीनला नेला. त्या जागी २४ हेक्टरांचा तलाव केलाय. काठावर पोलाद गाळायचं जुनं भांडं उभं आहे, माणसं त्याला वळसा घालून फिरायला जातात. भोवतीची नवी घरं जुन्या कामगारांना परवडणारी नाहीत, ते मला खुपलं.

शेजारून एम्शर नदी वाहते. खाणींमुळे जमीन खचायची, जमिनीखालची गटारं फुटायची. म्हणून शतकभर सगळ्या खोऱ्याचं सांडपाणी या नदीच्या उघड्या काँक्रीटच्या पात्रातून सोडलं जाई. खाणी थांबल्या तेव्हाच ते जमिनीखाली घालता आलं. १९९२ पासून काम चाललं, ५१ किलोमीटरची मुख्य वाहिनी झाली, पाच अब्जांहून जास्त युरो लागले. २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून सुटली. हा पैसा मला सार्थकी लागलेला वाटतो. नदी काही कुणी उचलून जुकूला नेणार नाही.

उद्या डुइसबुर्ग. तिथल्या पोलाद कारखान्याला कोळसा सोडून हायड्रोजनकडे वळण्यासाठी दोन अब्ज युरोंपर्यंत सरकारी मदत मंजूर आहे. बदल्यात कामगारांच्या पदरात काय बांधून घेतलंय, ते तिथल्या संघटनेला विचारायचं आहे.