डोळखांबहून जेद्दा

डोळखांबातून कुणी उमऱ्याला निघाले की भेटायला आलेली मंडळी हमखास विचारतात, "विमानाला किती तास?" मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर, वेळ साधारण सव्वापाच तास. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून अर्धा तास कमी. पण आमचा हिशेब विमानापासून नव्हे, शहापूरच्या रस्त्यापासून सुरू होतो.

गावापासून विमानतळ सरळ रेषेत जेमतेम 70 किलोमीटर. विमानाला ते पाच-सहा मिनिटांचे काम. रस्त्याने मात्र शंभराच्या आसपास. शहापूरपर्यंत सगळे आपल्या हातात असते. पुढे नाशिक महामार्गावर भिवंडी बायपास, माणकोली, माजिवडा. ट्रकांच्या रांगेत कधी वीस मिनिटे जातात, कधी दीड तास. आसनगावहून लोकल धरली तर कोंडी टळते, पण दोन मोठ्या बॅगा आणि गुडघे दुखणारी अम्मी यांना घेऊन कुर्ल्याला उतरणे काय असते, ते ज्याने केले त्यालाच विचारावे. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे. म्हणून रात्री दहाच्या विमानासाठी आम्ही जुहर पढून घर सोडतो आणि असर वाटेत पढतो.

घरातल्या बुजुर्गांना या घाईचे हसू येते. 1995 पर्यंत मुंबईहून हाजी बोटीनेही जात. 2,300 सागरी मैल, दिवसच्या दिवस पाण्यावर. त्याआधी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम. माणूस कर्ज फेडून, सगळ्यांची माफी मागून निघे. मागे घरात काही झालेच, तर बातमी पोहोचायलाच उशीर. परत येण्याचा प्रश्नच नसे.

आता बातमी क्षणात पोहोचते, आणि अडचण तिथेच आहे. जेद्दात नोकरीला असलेल्या मुलाला पहाटे फोन जातो, अब्बा गेले. इकडे दफन होईल तितके लवकर करायचे. तिकडे मालकाची रजा, एक्झिट री-एंट्रीचा परवाना, मिळेल ते तिकीट. उड्डाण पावणेपाच तासांचे, पण घड्याळ आणखी अडीच तास पुढे सरकते. मग इमिग्रेशन, मग पुन्हा माजिवडा. सगळे सुरळीत झाले तरी दुसरा दिवस उजाडतोच.

आमच्या ओळखीच्या एका घरात धाकट्याने फोनवरच सांगितले, "माझ्यासाठी मय्यत ठेवू नका." आमच्या मते त्याने बरोबर केले. मे महिना होता, बर्फसुद्धा शहापूरहून आणावा लागला असता. असरनंतर जनाजा उठला. तो तिसऱ्या दिवशी आला, बॅग ओट्यावर टाकून थेट कबरस्तानात गेला. परत गेल्यावर त्याने पहिले काम केले ते अनेक वेळा ये-जा करता येईल असा परवाना काढण्याचे. अम्मी अजून आहे.